खुर्चीवाली न्सिमिरे

तळ्याकाठच्या बुकावू शहराच्या धक्क्यावर होडीतून उतरताना न्सिमिरेचा पाय घसरला आणि ती सरळ मुऱ्हुलाच्या हातांत... म्हणजे तिची मासळीची टोपली त्याच्या हातांत, आणि तिचं कोपर त्याच्या बरगडीत.

होड्यांची इंजिनं दुरुस्त करणारा पोरगा तो. बरगडी चोळत म्हणाला, "तूच ना ती खुर्चीवाली? मग सांग, इंग्रजीत होडीला 'ऑन' आणि मोटारीला 'इन' का?"

"जिच्यात उठून चालता येतं, तिला ऑन. मोटारीत चालून बघ, टाळकं फुटेल. उरलेलं शनिवारी विचार."

तिच्या तोऱ्याला अख्ख्या बुकावूत तोड नव्हती, आणि का असावी? शाळेच्या आवारात, एवोकॅडोच्या झाडाखाली दर शनिवारी इंग्रजी शिकणारी मंडळी जमत. मधोमध एक खुर्ची. तिच्यावर बसणाऱ्यानं कुठल्याही प्रश्नाला इंग्रजीतच उत्तर द्यायचं; अडला, किंवा दुसरी भाषा तोंडातून निघाली, की खुर्ची सोडायची. न्सिमिरे बसली ती बसलीच. तिला हरवायला तळ्यापलीकडच्या गोमाहून वकील आले, ते परतीच्या बोटीत मुके होऊन बसले. तेव्हापासून तळ्यातले मासेही म्हणे शनिवारी काठाशी येऊन कान देत.

मुऱ्हुला दर शनिवारी यायला लागला. केसांवर भुरभुर पावसाचे थेंब, नखांत ग्रीस.

"लोक 'कसा आहेस' विचारतात, आणि उत्तराला थांबत का नाहीत?"

"ते विचारणं नसतंच. घसा खाकरणं असतं."

"आणि तू विचारतेस तेव्हा?"

"मी... थांबते."

अख्खी मंडळी खाकरली.

एका शनिवारी तो इस्त्रीचा सदरा घालून आला. "खुर्चीवाल्या बाई, आपल्याकडे लग्नाची मागणी घालताना मुलगा मुलीला विचारतो — माझ्या काकांना गाय घेऊन तुझ्या घरी पाठवू का? यावर मुलगी रोजच्या, सहज इंग्रजीत काय म्हणेल?"

पानांवरून थेंब टपटपत राहिले. न्सिमिरेनं सगळी पुस्तकं मनात उलटीपालटी केली. 'येस' होतं की जिभेवर... पण बापाच्या दारात बांधलेल्या गाईचा मान, माना उंचावून बघणाऱ्या शेजारणी, आईचं लटकं रुसणं — यातलं काहीच त्या एवढ्याशा शब्दात मावेना.

मागून कुणीतरी पुटपुटलं, "अडली गं राणी."

"अडले नाही," ती म्हणाली. "ज्यांची ही भाषा, ते कुणाच्या दारात गाय बांधत नाहीत, मग शब्द कुठून येणार? त्यांनी इथे यावं, आमच्याकडून शिकावं."

मग ती आपणहून उठली. "खुर्ची मी हरून सोडत नाहीये, कळलं ना?" एवढं बजावून, भर मंडळीत मान ताठ ठेवून, ती आपल्या आईच्या भाषेत बोलली, "काकांना सांग, माझ्या तोलामोलाची गाय आणा. ठेंगणी, मरतुकडी आणलीत, तर मी स्वतः तिला हाकलत तुझ्या दारापर्यंत परत आणून सोडीन... आणि आल्यासारखी तिथेच राहीन."