शेवटून दुसरी

तिसऱ्या टेकडीच्या माथ्यावर मारेन टॉफ्ट बुटाची नाडी बांधायला वाकली आणि उठून बघते तो वीस पावलांवर एक उंच तरुण आभाळाकडे पाहत उभा. आभाळात पाहण्यासारखं काहीही नव्हतं.

ती वाटेतून बाजूला झाली. "जा ना पुढे."

"नको. तुम्ही व्हा."

"अहो, मी हळू धावते."

"हो, ते दिसतंय."

मारेन चमकली. पश्चिम आयोवाच्या या टेकड्यांत माणसं असं बोलत नाहीत. इथे एखाद्याचं घर जळालं, तर शेजारी राखेकडे बघून म्हणतो, 'अंगण मात्र छान राहिलं हं.'

"तुमच्या पुढे जायला मला बंदी आहे," तो म्हणाला. त्याच्या हातात नारिंगी फितींचा झुपका होता. "मी झाडू."

सगळ्यांत मागच्या स्पर्धकामागून चालायचं, वाट दाखवायला गवताझुडपांना बांधलेल्या फिती सोडत यायच्या आणि कोणी पडलं-झडलं तर उचलायचं, या कामगिरीवरच्या माणसाला शर्यतीत झाडू म्हणत.

"म्हणजे... मी शेवटची?"

"शेवटचा मी. तुम्ही शेवटून दुसऱ्या."

तिला हसू फुटलं. चढावर हसणं फुप्फुसांना परवडत नाही, हे तिच्या उशिरा लक्षात आलं.

त्याचं नाव एल्डन व्हॉस. मिझुरी नदीपलीकडचा, नेब्रास्काचा. म्हणजे त्याला काही माहीत नव्हतं. मारेनच्या गावात मात्र सगळ्यांना सगळं माहीत होतं. दोन वर्षांपूर्वी तिला रक्ताचा कर्करोग झाला. दीड वर्षापूर्वी डॉक्टरांनी ती बरी झाल्याचं सांगितलं. डॉक्टरांचा विश्वास बसला, गावाचा बसला नाही. तेव्हापासून चर्चच्या तळघरात दर गुरुवारी पत्ते पडत, आणि मारेन एकदाही हरली नव्हती. हातात चारही हुकमी गुलाम घेऊन अर्ल काका हळहळत, "छे, आज पानंच नाहीत!" तिनं भाजलेल्या करपक्या 'ॲपल पाय'ला जत्रेत पहिल्या बक्षिसाची फीत मिळाली. त्या फितीकडे बघून ती घरी येऊन रडली होती.

म्हणून ही शर्यत. पंधरा मैल, टेकड्याच टेकड्या. टेकड्यांना कुणाची दया येत नाही. अकराव्या मैलावरच्या फाटकातून दुपारी एकच्या आत जो गेला तो गेला. नाही गेला त्याचा छातीवरचा नंबर कापून घेतात. वेळेत पोचले, तर मी बरी आहे, असं तिनं स्वतःशी ठरवलं होतं. कुणीतरी खरं सांगायला हवं होतं, मग ते घड्याळानं का होईना.

वाट डोक्याइतक्या उंच गवतात शिरली. ऑक्टोबरनं गवत तांबूस केलं होतं. वारा आला की सबंध टेकडी कूस बदलल्यासारखी हलायची. मागून पावलं येत होती... वीस पावलं मागे, न चुकता.

"तुम्ही एरवी काय करता?" तिनं मागे न बघता विचारलं.

"आग लावतो."

"शेजाऱ्यांत?"

"गवताला. मार्चमध्ये. नाही जाळलं तर झुडपं माजतात. गवताची मुळं खोल असतात. वरचं सगळं काळं पडतं, आणि तीन आठवड्यांत पुन्हा हिरवं."

मारेनचा हात नकळत टोपीखालच्या, आत्ता कुठे कानांवर आलेल्या केसांकडे गेला. तिच्या आजाराला कशाकशाच्या उपमा देणारे पुष्कळ भेटले होते. हा बिचारा फक्त गवताबद्दल बोलत होता. तिला तो एकदम आवडला.

"मी वेळेत पोचेन?"

मागे पावलं जरा अडखळली. "असंच चाललात तर... नाही."

"नेब्रास्कात गोड बोलायला शिकवत नाहीत वाटतं?"

"शिकवतात. पण पूल ओलांडताना सांडतं."

तिनं वेग वाढवला. शेवटच्या कड्याची पिवळी माती पिठासारखी पायाखालून सरत होती. दोन पावलं वर, एक खाली. डावीकडे खोल मिझुरी नदी संथ, तपकिरी वाहत होती. छातीत भाता चालू होता. मागे तोही धापा टाकत होता. "या ओकच्या झाडापासून सरळ... इथे धावा... आता धावा!" त्याचा आवाज तिच्यापेक्षा घाबराघुबरा झाला होता. ती धावली. दोन वर्षांत धावली नव्हती तशी धावली.

फाटकाशी चर्चच्या स्वयंपाकाच्या प्रमुख डॉर्कस काकू उकडलेले बटाटे आणि पायात गोळे येऊ नयेत म्हणून प्यायचं लोणच्याचं खारं पाणी मांडून बसल्या होत्या. "आलीस गं माझी राणी! अगदी वेळेत!"

मारेननं टेबलावरच्या घड्याळाकडे पाहिलं. एक वाजून दोन मिनिटं.

"ते घड्याळ पुढे आहे," डॉर्कस काकू म्हणाल्या. ते घड्याळ त्यांनीच सकाळी रेडिओवरून लावलेलं होतं. "जा तू. जा बाळा."

मग काकूंनी एल्डनला बाजूला ओढलं. त्यांचं कुजबुजणं दोन शेतं पलीकडे ऐकू जाई. "...रक्ताचा... हो ना, एवढीशी पोर... तू नवीन आहेस म्हणून सांगते... दोन मिनिटांनी काय होतंय?"

एल्डनचा चेहरा उतरला. तो उतरलेला चेहरा मारेनला पाठ होता. आता मान तिरकी होणार, आवाज मऊ होणार. आता हाही आपल्याला जिंकू देणार... तिनं नजर नदीकडे वळवली.

तो समोर येऊन उभा राहिला. त्याच्या हातात कात्री होती, आणि कात्री थरथरत होती.

"एक वाजून दोन मिनिटं," तो म्हणाला. "नंबर द्या."

"अरे कसाया!" डॉर्कस काकू ओरडल्या. सत्तर वर्षांत त्यांनी वापरलेला हा पहिला वाईट शब्द असावा.

कात्री चालली. कागद सुटला. मारेनच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं आणि ती हसतही होती, तेव्हा काकूंनी गाडीतून घोंगडी आणायला धाव घेतली.

"हरले," ती म्हणाली. शब्द नवा असल्यासारखा तिनं पुन्हा उच्चारला. "मी हरले, काकू! घोंगडी नको. मी चालत येते."

"अजून चार मैल आहेत गं!"

"फिती कोण काढणार मग?"

ती फाटकातून निघाली. एल्डन सवयीनं मागे थांबला, मग त्याच्या ध्यानात आलं की आता ती स्पर्धेत नाही, आणि लांब ढांगा टाकत तो तिच्या शेजारी आला. ती डावीकडच्या फिती सोडत होती, तो उजवीकडच्या. वरून बदकांची रांग दक्षिणेकडे गेली.

"रागावलात?" त्यानं विचारलं.

"हात का थरथरत होता?"

"तुम्हाला सोडायचं होतं म्हणून. फार सोडायचं होतं." त्यानं एक फीत उगाच बोटाला गुंडाळली. "पण... खोट्यानं सुरुवात करायची नव्हती."

मारेन थांबली.

"कशाची सुरुवात?"

त्याचे कान गवतापेक्षा लाल झाले. त्यानं आभाळाकडे पाहिलं; तिथून काही मदत आली नाही.

"दर मार्चला जाळण्याआधी मी एकटा या कड्यावर येतो," तो म्हणाला. "वारा बघायला. येत्या मार्चला एकट्यानं यायचं नाही, असं... मगाशी चढावर ठरवलं. म्हणजे, तुमची हरकत नसेल तर."

मार्चला पाच महिने होते. दोन वर्षं मारेननं पुढच्या महिन्यापलीकडे काही ठरवलं नव्हतं. गावानंही तिला कधी पुढचं विचारलं नव्हतं. हा माणूस तिच्या वतीनं सरळ वसंत ऋतू धरून चालला होता.

तिनं त्याच्या बोटावरची फीत हळूच उलगडून घेतली. बोट मात्र सोडलं नाही.

"मार्चमध्ये थंडी असते," ती म्हणाली. "कॉफी तू आण."