सूचकाची सही

“बाईमाणसाच्या जागेले काऊन पाह्यजे इलेक्शन? हार घालायचा, रांगोळी काढायची, फोटोत उभं राह्याचं... इतके वर्षं गुमान अविरोध झालं न!”

कुरकुर थेट महामायाच्या मानेमागून आली. सोनाळ्याहून जळगाव जामोदला निघालेली काळीपिवळी जीप, चौघांच्या सीटवर सहा जण. मागे शेषराव गुरुजी. पुढ्यात तोंडाला स्कार्फ गुंडाळून बसलेली बाई म्हणजेच ती उमेदवार, हे त्यांच्या गावीही नव्हतं.

शिक्षक संघटनेच्या महिला आघाडीच्या प्रमुखपदासाठी तिनं अर्ज भरला होता. मागे घ्यायची मुदत आज तीनपर्यंत. आणि तिच्या अर्जावर सूचक म्हणून ज्याची सही होती, तो भागवत शेजारीच अंग चोरून बसलेला.

“सर, तुमचं मनगट...” ती हळूच म्हणाली.

“माहं नाही, जीपचं आहे.”

“जीपले घड्याळही असते काय?”

एरवी तो खुदकन हसला असता. आज त्यानं मांडीवरची बॅग नुसती घट्ट धरली. तिच्या मनात कुठंतरी चुकचुकलं.

ओळख गेल्या उन्हाळ्यातली, तालुक्याच्या प्रशिक्षणातली. भर दुपारी त्यानं पाण्याची बाटली पुढे केली, तर तिनं मान हलवली.

“काऊन?”

“तीन दिवस झाले, आम्ही तीस बाया सकाळपासून पाणी पीत नाही, सर. समजून घ्या.”

तो कानापर्यंत लाल झाला. तसाच निघून गेला. चहाच्या सुट्टीनंतर आला तो खालमानेनं – “समोर निळ्या दाराचं घर आहे, गीताबाईचं. मागं सोय आहे. त्या म्हणतात, मॅडम लोकाईनं कधीही यावं. इचारायचं नाही.”

कुणी मोगऱ्याचा गजरा आणला असता, तरी ती इतकी विरघळली नसती.

जळगावात संघटनेच्या कार्यालयात अध्यक्ष पंजाबराव खुर्चीतून अर्धे उठले. चहा आला, पाणी आलं. दाराशी दोन शिक्षिका पदराशी चाळा करत उभ्या. अडीच वाजले होते.

“मॅडम, तुमच्या भल्यासाठी सांगून राह्यलो. जयमालाताईलेच प्रमुख राहू द्या यंदाही. तुमच्या अर्जाचं काय आहे... सूचकाचं नाव... अन् तुमचं नाव... दोन्ही एका कागदावर... तुम्ही समजदार आहात.”

“नाही समजलं.”

“लोक बोलतात.”

“काय बोलतात?”

पंजाबराव पंख्याकडे पाहू लागले. मग सगळेच पाहू लागले. पंखा तर बंद होता.

तेवढ्यात भागवतनं बॅग उघडली आणि घडी केलेला कागद टेबलावर ठेवला. तिनं तो उलगडला. ‘सूचक म्हणून केलेली सही मी परत घेत आहे.’ सूचक गेला की अर्जच बाद!

“हे कधी लिहिलं?”

“सकाळी. तुमच्या नावाले बट्टा नको म्हणून—”

“मले इचारलं?”

त्यानं बॅगेची चेन लावली, पुन्हा उघडली.

“माहं नाव माहं आहे, सर. त्याच्या राखणीले तुम्हाले ठेवलं होतं काय मी?”

पावणेतीन. तिनं समोरचा काठोकाठ भरलेला ग्लास उचलला. दारातल्या दोघींनी एकमेकींकडे पाहिलं, कारण इथं आलेली बाई ओठ ओले करून ग्लास खाली ठेवते. महामाया घोट घोट करत सगळं पाणी प्यायली. पिताना नजर फक्त त्याच्यावर. त्या खोलीतल्या पुरुषांत तो एकटाच त्याचा अर्थ जाणत होता. त्याचे कान पुन्हा तसेच लाल झाले.

“अध्यक्षसाहेब, इथं बायाईची मुतारी कुठी आहे?”

कुणाच्या तरी बशीत चमचा वाजला. “मॅडम, असं चारचौघांत काय—”

“नाही आहे,” भागवत उठून उभा राहिला. “हापिस बांधल्यापासून नाही. म्हणूनच मॅडम इलेक्शनले उभ्या आहेत.” त्यानं कागद तिच्या हातातून घेतला, चार तुकडे केले आणि उरलेल्या चहाच्या कपात कोंबले. “चुकलो, महामाया.”

मॅडम नाही. नुसतं महामाया!

“अबे, घरी कळलं त काय होईल?” पंजाबराव आता खरोखर कळवळले. “लोक तुमचं दोघांचं... म्हणजे... काय सांगू मी त्याईले?”

तीनला दोन मिनिटं कमी.

“तुम्ही काऊन तरास घेता, सर? मीच सांगते न.” महामाया उठून भागवतच्या शेजारी उभी राहिली. “मी बौद्ध, हे पाटलाचे. अन् माहं यांच्यावर प्रेम आहे. अर्ज मागं घेत नाही.”