बिनफळाची फुलं

आज अकरावं फळ गळलं. बोटाएवढं, टोकाकडून पिवळं पडलेलं, दाबलं की मऊ. हेमांगीने ते तळहातावर घेतलं आणि आबांपुढे धरलं.

“हेही गेलं, आबा.”

ही गोष्ट आहे सन २०५८ची. भुसावळला एप्रिलमध्येच पारा सेहेचाळीसवर जायचा, म्हणून घरोघरी मागच्या अंगणात जाळीघर असे. जाळीघर म्हणजे बारीक जाळीने झाकलेला भाजीचा तुकडा. ऊन गाळून येई आणि पांढरी माशी बाहेरच राही.

आबा म्हणजे हेमांगीचे आजोबा, डॉ. दिगंबर भंगाळे. ते मृदाशास्त्रज्ञ (मातीचा अभ्यास करणारे) होते. घरची भाजी मात्र आजी पाहायची. दर उन्हाळ्यात जे रोप सर्वांत जास्त ऊन सोसेल त्याचंच बी धरायचं, असं करत करत चौदा वर्षांत तिने झुकिनीचं एक चिवट वाण तयार केलं होतं. झुकिनी म्हणजे कोवळा असतानाच खायचा, काकडीसारखा लांबट भोपळा. मागच्या दिवाळीनंतर आजी गेली. डब्यात चार बिया उरल्या होत्या. आबांनी चारही पेरल्या. तीन रोपं वाळली. उरलं ते हे एक. त्यावर एक तरी फळ जून झालं नाही, तर बी मिळणार नव्हतं. मग आजीचं वाण संपलंच.

“माती पुन्हा तपास रे,” आबा म्हणाले.

मुकादमाने मातीत बोट खुपसलं. मुकादम हा घरचा यंत्रमानव. त्याला हे नाव आजीनेच दिलं होतं, कारण तो काम कमी आणि देखरेख जास्त करायचा.

“नत्र ठीक. पालाश ठीक. ओल ठीक. मातीत दोष नाही, आबासाहेब.”

“मग दोष कुणात आहे? तुझ्यात?” हेमांगी म्हणाली.

“माझी तपासणी सोमवारी झाली आहे, ताई. मी भजी तळायला जातो. फुलं पहाटे पाचलाच तोडून ठेवली आहेत.”

तो गेला. रोपावर आता एकच पिवळंधमक फूल उरलं होतं. त्याच्या देठाशी इवलंसं हिरवं फळ होतं.

“हे एवढंच का ठेवलं त्याने?”

“त्याला फळ आहे ना. बाकीची बिनफळाची. फोल. तुझी आजीही त्यांचीच भजी करायची. मीच मुकादमाला सांगून ठेवलंय, बिनफळाची सगळी तोडायची.”

“रोज किती निघतात?”

“सहा-सात.”

“आणि फळाची?”

“एखादं.”

हेमांगी रोपाकडे बघत राहिली. “आबा, दुपारी हे रोप पानंसुद्धा खाली सोडून देतं. पाण्याचा थेंबन् थेंब जपतं. मग रोज सहा फोल फुलं कशाला काढत असेल? त्याला काय पाणी जास्त झालंय?”

 आबा वाफ्याच्या कडेवर खाली बसले.

“फोल नाहीत ती. नरफुलं आहेत. शाळेत मीही शिकलो होतो की. फळ गळलं तसा मी मातीकडे धावलो. आयुष्यभर तेच केलं ना.”

“नरफुलं काय करतात?”

“पराग देतात. पराग म्हणजे फुलातली पिवळी पूड. ती मादीफुलाला लागली पाहिजे. याला परागण म्हणतात. झुकिनीचा पराग जड आणि चिकट असतो, वाऱ्याने उडत नाही. मधमाशीच्या अंगाला लागूनच जातो.”

हेमांगीने वर पाहिलं. “जाळीतून मधमाशी येईल?”

“नाही.”

“मग आजीला फळं कशी धरायची? तीही नरफुलं तोडायचीच की.”

 आबांनी स्वयंपाकघराच्या खिडकीकडे तोंड करून विचारलं, “मुकादम, बाई सकाळी इथे काय करायच्या?”

आतून उत्तर आलं, “सव्वासहाला येत. बिनफळाचं फूल तोडत, फळाच्या फुलात टेकवत, ‘घ्या हळदीकुंकू’ म्हणत. मग ते फूल टोपलीत. या कामाची नोंद देवधर्मात आहे.”

“आणि हे तू मला सांगितलं नाहीस?”

“आपण मातीबद्दल विचारत होतात. देवधर्म माझ्याकडे नाही.”

“गाढवा!” हेमांगी म्हणाली.

“त्याला कशाला बोलतेस? मीही बघायचो की,” आबा म्हणाले. “इथेच चहा घेत उभा असायचो. मला वाटायचं, करते काहीतरी. कधी विचारलं नाही.” त्यांनी चष्मा काढून सदऱ्याला पुसला. “तीच मधमाशी होती, हेमू.”

“आबा, आजची फुलं!”

मादीफूल नऊपर्यंत मिटणार होतं. हेमांगी धावली. कढईत पाच फुलं फुगली होती, सहावं बेसनात बुडालं होतं. सातवं मुकादमाच्या चिमटीत होतं, पिठापासून बोटभर वर.

“थांब! दे ते इकडे!”

“ताई, पीठ उरेल.”

“उरू दे!”

तिने फूल ओंजळीत आणलं. आबा म्हणाले, “पाकळ्या काढ. मधला दांडा दिसतो? तो पुंकेसर, पराग तयार करणारा भाग. आता मादीफुलात बघ. मधे फुगीर, चिकट गड्डा आहे ना, ती कुक्षी. तिथे हळूच फिरव. सगळ्या बाजूंनी हं.”

कुक्षी पिवळी झाली.

“आता प्रत्येक परागकणाला बारीक नळी फुटेल आणि ती आत बीजांडापर्यंत (कच्च्या बीपर्यंत) जाईल. बी धरलं की रोप फळ पोसतं. नाही धरलं तर टाकून देतं. विनाकारण पोसायला ते काही वेडं नाही.”

दुसऱ्या दिवशी फूल सुकलं. तिसऱ्या दिवशी हेमांगीने श्वास रोखून देठाला बोट लावलं. देठ घट्ट होता. सहाव्या दिवशी फळ वीतभर झालं. मुकादम सुरी घेऊन आला, तसं दोघांनी मिळून त्याला हाकललं. ते बियाण्याचं होतं.

मात्र पुढच्या पंधरा दिवसांत आणखी तीन फळं धरली. ती कोवळीच कापली. लसूण, मिरची, शेंगदाण्याचं कूट, मोठा जाळ.

“मीठ शेवटी घाल,” आबांनी मुकादमाला बजावलं. “आधी घातलं तर ते फोडींतलं पाणी बाहेर ओढतं आणि भाजीची आमटी होते.”

कळण्याच्या (ज्वारी-उडदाच्या) भाकरीबरोबर आबांनी दोनदा भाजी घेतली. कित्येक महिन्यांत त्यांनी काही दोनदा घेतलं नव्हतं.

दोन महिन्यांनी बियाण्याचं फळ नारळासारखं टणक झालं. आतून एकशे बारा बिया निघाल्या. पाच ओल्या फडक्यात बांधून पाहिल्या, चार फुटल्या.

“पुढच्या वर्षी पारा सत्तेचाळीसवर गेला तर?” हेमांगीने विचारलं.

“सत्तेचाळिसात जे तगेल त्याचं बी धरायचं. आणि या वेळी एका डब्यात ठेवायचं नाही. घरोघरी द्यायचं.”

हेमांगी पुड्या घेऊन निघाली. शेजारच्या कोकिळाकाकूंनी पुडी उघडून बिया निरखल्या.

“याच्या फुलांची भजी होतात ना गं?”

“होतात,” हेमांगी म्हणाली. “पण कढई ठेवायच्या आधी मला हाक मारा. सव्वासहाला मी उठलेली असते.”