क्लच कोणी धरला होता

सिद्धेश, मोबाइल ठेव खाली. रचना, तू दाराकडे पाठ करून बसू नकोस, मग सारखी वळून बघतेस आणि मला सुचत नाही. हां, ऐका आता. दोन हजार तेवीस, एकोणीस नोव्हेंबर, रविवार. वर्ल्डकपची फायनल आपण हरलो ती रात्र. सगळं ठाणं तोंड पाडून घरात बसलं होतं. साडेदहालाच रस्ते ओस.

आमच्या कळव्याच्या चाळीतला महेंद्र तुम्हाला माहीत आहे. गॅरेजवाला. हातात कला आहे त्याच्या, नाही म्हणणार नाही. त्या रात्री त्याला कोलशेतच्या दिपेशचा फोन आला.

"महेंद्रभाऊ, खाडीच्या रस्त्याला अडकलोय. गाडी चालू हाय, पन गिअरच पडत नाय. उद्या सकाळी कल्पिताला बाळंतपणाला माहेरी न्यायचीय. कायतरी करा ना!"

ही गाडी दिपेशने दसऱ्याला घेतली होती. सेकंडहँड. महेंद्रच्या शब्दावर. "एकदम कोरडी गाडी आहे, डोळे झाकून घे," असं हा म्हणाला होता. कोरडी! जुलैच्या पुरात ती चार दिवस नदीत पडून होती. महेंद्रनेच तिच्या सीटा उपसल्या, ओंजळी भरभरून चिखल काढला, त्यात कुजलेले मासे. आठ दिवस फिनेलने घासली. बुडाली तेव्हा आत माणूस होतं. गाडी आणणारा दलाल आत कोण होतं ते सांगायला लागला, तर हा म्हणतो, "मला नको सांगू." त्या चिखलापेक्षा मला या वाक्याची जास्त शिसारी येते, बघा.

म्हणून तर तो स्कूटर काढून धावत गेला. दुसऱ्या कुठल्या मेकॅनिकने आतलं कार्पेट उचललं असतं, तर कोलशेतपासून कळव्यापर्यंत याला कोणी दारात उभं केलं नसतं.

गाडी कडेला उभी. इंजिन बंद केलं की गिअर लोण्यासारखे पडायचे. चालू केलं की एकही पडेना. म्हणजे गिअरबॉक्स ठीक, क्लच सुटत नाहीये. पेडल दाबलं तर मऊ, लिबलिबीत. क्लचच्या तेलाच्या पाइपात हवा शिरलेली. ती काढायला दोन माणसं लागतात. एक आत बसून क्लच मारणार, दुसरा खाली निपल, म्हणजे त्या पाइपाची बारीक तोटी, सैल करून बाटलीत तेल सोडणार. दिपेश आत बसला. महेंद्र गोणपाट टाकून गाडीखाली शिरला.

"मार... मार... धर."

"धरला!"

निपल सैल केलं. पिवळं तेल यायला हवं. आलं काळं पाणी. आणि वास... कोळंबी उन्हात आठ दिवस सडावी तसा. ते मनगटावरून कोपरापर्यंत ओघळलं. 

"सोड. पुन्हा मार."

तेवढ्यात शेजारून एक डंपर गेला. धडधडत. दिपेश काहीतरी बोलला, ते ऐकू आलं नाही.

"मार... मार... धर."

या वेळी "धरला" आलं नाही. पण पेडल धरलेलं होतं, त्याच्याबरोबर हलणारी दांडी खालून दिसत होती. पोरगं कंटाळलं असेल, महेंद्रला वाटलं. चार वेळा झालं. पाच वेळा. धर म्हटलं की धरलं जायचं. सोड म्हटलं की सुटायचं. दिपेशपेक्षा सफाईने.

मग त्याला चपलांचा आवाज आला.

लांबून. रस्त्यावरून. त्याने मान वळवली. दिपेश फोनवर बोलत, कोपऱ्यावरून येत होता.

(ओरडू नकोस रचना.)

  महेंद्रच्या डोळ्यांसमोर क्लचची दांडी पुढे सरकली. न सांगता. एकदा. दोनदा. आणि धरून राहिली.

दाराच्या फटीतून पाणी ठिबकायला लागलं.

दांडी तशीच...

वाट बघत होती. त्याच्या शब्दाची.

"सो... सोड," तो कसाबसा म्हणाला.

दांडी मागे आली. हळू. आणि बाटलीत काहीतरी टणकन वाजलं.

दिपेश येऊन आत बसला. "अरे, सीट कशी ओली झाली?" म्हणत त्याने चावी फिरवली, क्लच दाबला. गिअर पडला. पहिला, दुसरा, रिव्हर्स, सगळे. पोरगं आनंदाने ओरडलं, "भाऊ, देव हायेस तू! उद्या कल्पिताला मागं आरामात झोपवून नेतो."

महेंद्र बाहेर आला. बाटली उलटी केली. काळं पाणी बोटांमधून गेलं आणि तळहातावर राहिलं एक जोडवं. बाईचं. आतून पांढरट काहीतरी चिकटलेलं.

तो रस्त्यातच ओकला.

मग तोंड न पुसताच म्हणाला, "दिपेश, कल्पिताला यात बसवू नको. गाडी पाण्यातली आहे. कोणतरी होतं आत. मला सांगत होते... मीच नको म्हणालो."

दिपेश खाली उतरला, चावी सीटवर टाकली आणि चालत घरी गेला.

जोडवं महेंद्रने मला दाखवलं. निपलही दाखवलं. त्याच्या भोकातून उदबत्तीची काडीसुद्धा जात नाही. मी स्वतः घालून पाहिली.