कामाचा रविवार

ऑक्टोबरच्या सात दिवसांच्या सुट्टीच्या तिसऱ्या दिवशी चीनमधल्या एमेई डोंगरावर पायऱ्या दिसतच नव्हत्या, दिसत होती ती फक्त माणसं. पिवळे, निळे, गुलाबी रेनकोट एकमेकांना चिकटून इंचाइंचाने वर सरकत होते, आणि माकडांची नुसती चंगळ चालली होती.

"पिशव्या पोटाशी धरा! माकडाकडे बघून दात काढू नका, त्याला राग येतो!"

कठड्यापाशी उभी राहून पेईलान सकाळपासून ओरडत होती. माकडांची राखण करण्याचं तिचं हे चौथं वर्ष. हातात बांबूची काठी, कमरेला गलोल. त्या गलोलीतून तिने आजवर एकही दगड मारला नव्हता, नुसतं रबर ताणलं तरी माकडं पळत.

एका माणसाला मात्र तिचं ओरडणं ऐकूच गेलं नाही. गर्दीकडे पाठ करून तो मोबाईलने बांबूच्या बनाचे फोटो काढत होता. एक दांडगा नर कठड्यावरून आला, त्याने मोबाईल हिसकावला, हुंगला, चावून पाहिला... आणि दिला दरीत टाकून.

"खायचं नव्हतं ना, म्हणून टाकला," पेईलान म्हणाली. "जवळ बिस्किटं असती तर मोबाईल वाचला असता."

"म्हणजे चूक माझीच?"

"मग काय माकडाची? ते बिचारं ड्यूटीवर आहे."

दुसरा कुणी असता तर भांडला असता. हा हसला, आणि तेही अगदी मनापासून. पेईलानला ते हसू आवडलं. आवडलं म्हणून तिचा तिलाच राग आला.

त्याचं नाव शूमिंग. चेंगदूच्या एका कचेरीत तो बॅटऱ्यांचे आराखडे काढायचा. त्याचे सगळे पैसे मोबाईलमध्येच; आता मोबाईलच नाही म्हटल्यावर त्याला ना चहा मिळेना, ना बसचं तिकीट, ना रात्रीची खोली. पेईलानने त्याला उकडलेलं कणीस खाऊ घातलं आणि देवळाच्या अतिथीघरात एक खाट मिळवून दिली.

"एवढ्या गर्दीत आलात तरी कशाला?"

"शिंगकोंबडा बघायला." लाल अंगावर पांढरे ठिपके आणि डोक्यावर दोन निळी शिंगं असलेला तो रानपक्षी डोंगरावरच्या माणसांनाही वर्षातून एखादवेळीच दिसे.

पेईलान खो खो हसली. "तो काय तुमच्यासारखा सुट्टी बघून बाहेर पडतो?"

"मग कधी पडतो?"

"सगळे गेले की."

"मग सगळे जाईपर्यंत थांबतो," तो म्हणाला, आणि खरंच थांबला.

पुढचे तीन दिवस ती पहाटेच्या फेरीला निघाली की तो तिच्या मागे असे. देवळामागच्या बांबूंवरून धुकं थेंबाथेंबाने ठिबकत असायचं. राखी डोक्याची इवलीशी पाखरं दिसली, खारी दिसल्या, कोंबडा काही दिसेना. एकदा पाचोळा जोरात खसफसला, शूमिंग काहीतरी बोलणार तोच पेईलानने त्याच्या तोंडावर हात ठेवला. दोघं श्वास रोखून उभी. शेवटी निघाली ती खारच!

"हात..." तिच्या तळव्याआडून तो हळूच म्हणाला, "राहिलाय तुमचा."

"राहू दे," ती बोलून गेली, आणि मग कानशिलापर्यंत लाल झाली.

निघायच्या दिवशी वहीचं कोरं पान पुढे धरून तो म्हणाला, "नंबर दे ना."

"शिंगकोंबडा दिसला की नंबर."

"आणि नाहीच दिसला तर?"

"तर येत राहा."

"रविवारी येतो. सुट्टीनंतरच्या पहिल्याच रविवारी. गर्दी नसेल."

मग तिला सांगावंच लागलं. उत्तरेकडच्या एका रक्षण-ठाण्यावर सोनेरी माकडांची मोजणी करायला तिची निवड झाली होती. दोन वर्षं. हिवाळाभर रस्ता बंद, फोन तर लागतच नाही. त्या रविवारच्या दुसऱ्याच दिवशी, सोमवारी सकाळी, सही करायची की नाही ते ठरवायचं होतं. या कामासाठी ती किती वर्षं झुरली होती! आणि आता मात्र... आता तिला कुणीतरी 'जाऊ नकोस' म्हणायला हवं होतं.

त्याने वही मिटली. मग म्हणाला, "सही करण्याआधी माझी वाट बघशील? रविवारी बोलू."

"बघेन."

रविवारी तिने केस धुतले, दोन कणसं फडक्यात गुंडाळली आणि बसथांब्यावरच्या पायरीवर जाऊन बसली. डोंगर कधी नव्हे इतका रिकामा होता. तिला आधी आनंदच झाला. आज कोंबडा दिसणार! एकामागून एक बस येत होती, दोन-चार म्हातारी माणसं उतरत होती. दुपारपर्यंत कणसं गार झाली. संध्याकाळी शेवटची बस येऊन गेली.

"पोरी, ऊठ आता," राखणदारांचे मुकादम गौकाका म्हणाले. "शहरातली माणसं डोंगरावर गोड बोलतात, खाली उतरली की विसरतात."

ती रडली नाही. सोमवारी सही केली, मग रडली.

त्याच आठवड्यात ती नव्या ठाण्यावर गेली. तिथे पाच महिने बर्फ होतं. वायरलेस होता, तो फक्त हवामान आणि माकडांचे आकडे कळवायला. आकडे चुकू नयेत एवढंच तिने मनाला बजावलं होतं. तरी शनिवार-रविवार आले की जेवण जात नसे.

एप्रिलमध्ये रस्ता मोकळा झाला आणि दुपारपर्यंत पोहोचायच्या बेताने ती सामान आणायला खाली गावाकडे निघाली. वाटेत बांबूच्या बनात काहीतरी लाल हललं. शिंगकोंबडा! ती जागच्या जागी पोटावर आडवी झाली. ज्याने फसवलं त्याच्यासाठी कशाला फोटो काढायचा, असं स्वतःला दहादा विचारून झालं, तरी उठवेना. पक्षी नीट समोर येईपर्यंत संध्याकाळ झाली. तेव्हा कुठे फोटो मिळाला. ती रात्र वनरक्षकांच्या झोपडीत काढून दुसऱ्या दिवशी ती गावात पोहोचली.

तिथल्या दुकानाच्या दारात फोन लागला आणि सहा महिन्यांचे निरोप एकदम येऊन आदळले. पहिला गौकाकांचा आवाज होता. "पेईलान, तो पोरगा आलाय गं, आज शनिवारी. तू गेलीस कळल्यावर इथेच पायरीवर बसलाय. तुझा नंबर दिलाय त्याला. रागावू नकोस."

दुसरा आवाज त्याचा.

"तो रविवार कामाचा होता. सात दिवस सुट्टी देतात आणि एखादा रविवार परत मागून घेतात, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. मी विसरलो. तुझ्यासमोर उभा होतो आणि विसरलो. सुटलो तेव्हा शेवटची बस गेली होती."

पेईलानने तो निरोप पुन्हा एकदा ऐकला. म्हणून डोंगर रिकामा होता! साऱ्या देशाला तो कामाचा दिवस होता. पण राखणदारांना कसली सुट्टी आणि कसला कामाचा दिवस? तिने कॅलेंडरकडे पाहिलंच नव्हतं.

मग एकेक शनिवार. "आज बर्फ पडलं. गौकाकांनी कणीस दिलं." "कोंबडा नाही दिसला." "तिकडे फोन लागत नाही हे माहीत आहे. तरी बोलतो." "माझं तुझ्यावर प्रेम आहे. आधी समोर सांगायचं ठरवलं होतं, पण आता राहवत नाही."

शेवटचा निरोप कालचा, रात्रीचा.

"कंपनी तीन वर्षांसाठी हंगेरीला पाठवतेय. आज संध्याकाळपर्यंत हो-नाही सांगायचं होतं. गौकाका म्हणाले होते की रस्ता मोकळा झाला, एक-दोन दिवसांत ती उतरेल. सहा वाजेपर्यंत फोन हातात धरून बसलो होतो. तू 'थांब' म्हणाली असतीस तर थांबलो असतो... सही केली, पेईलान. सांभाळ स्वतःला."

काल सहा वाजता ती बांबूत पोटावर पडून श्वास रोखून होती. त्याच्यासाठीच.

ती खूप रडली. दुकानदारीण बाई तिच्या हातात गरम पाण्याचा पेला देऊन, काही न विचारता आत निघून गेली. डोळे पुसून पेईलानने तो फोटो त्याला पाठवला. लाल अंग, पांढरे ठिपके, दोन निळी शिंगं. खाली लिहिलं, "दिसला. नंबर आता तुझा झाला."

मग तिने यादी काढली आणि तांदूळ, मीठ, मेणबत्त्या घ्यायला सुरुवात केली. अंधाराच्या आत तिला झोपडी गाठायची होती.