तळेगावहून निघालेली चार डोकी

ज्या माणसाची मोजणी चुकत नाही, त्याला भुताखेतांचं भय नाही!

हे निरंजनचं ठाम मत. तो चाकणच्या एका कंपनीत सुपरवायझर आहे. स्वतःचे मोजे मात्र त्याला आजवर जोडीनं सापडलेले नाहीत.

पण पुढचं सगळं खरं आहे. गेल्या डिसेंबरातला रविवार, दुपारचे चार, तळेगाव दाभाडे. गाडीचा रंग तेवढा सांगत नाही. ती विकायची आहे.

मोशीहून चौघं निघाले होते. निरंजन, बायको दिपाली, आई अंबुबाई आणि सात वर्षांची लेक ईश्वरी. आधी तळं, मग काचेचं संग्रहालय, येताना इंदुरीचा किल्ला.

संग्रहालयाच्या शेवटच्या दालनात एक जुनी, हिरवट, पुरुषभर उंचीची काच होती. चौघं तिच्यापुढं उभे राहिले.

काचेत तिघंच दिसले. ईश्वरी नव्हती...

"रिजेक्ट माल," निरंजन म्हणाला.

गाडीत बसल्यावर त्यानं शिफ्टला घेतो तशी हजेरी घेतली. मागं न बघता.

"एक," तो स्वतः.

"दोन," दिपाली.

"तीन रे बाबा, तीन!" अंबुबाई वैतागल्या.

मग जरा वेळानं... मागून बारीक आवाज आला.

"चार."

गाडी निघाली.

इंदुरीच्या पुलावर दिपालीचा फोन वाजला. संग्रहालयाचा वॉचमन.

"ताई, तुमची पोरगी इथंच राहिली की! नंबर तिनंच दिला."

"राँग नंबर," निरंजन म्हणाला. "आपली हजेरी झालीय."

दिपालीनं मागं बघितलं.

अंबुबाई डुलक्या घेत होत्या. शेजारची जागा रिकामी.

सीटबेल्ट मात्र लावलेला...

"आई! ईश्वरी कुठंय?"

अंबुबाई दचकल्या. "अगं, आत्ता तर माझ्या दंडाला रेलून निजली होती की!"

निरंजननं गाडी वळवली. दिपाली नुसतं "लवकर, लवकर" म्हणत होती.

ईश्वरी वॉचमनच्या खुर्चीवर बसली होती. तिनं आधी बापाला एक गुद्दा मारला. मग रडली.

"मी गाडीमागं पळाले, पप्पा! तुम्ही तिलाच घेऊन गेलात."

"कुणाला?"

"माझ्या जागेवर बसली होती ना, तिला. मागच्या काचेतून टाटा करत होती."

वॉचमननं खुर्ची उचलली आणि आत निघून गेला.

परतताना ईश्वरी पुढं, आईच्या मांडीवर. हजेरी कुणी घेतली नाही. किल्ल्याचं नावही कुणी काढलं नाही. निरंजन आरशात बघायचं टाळत होता. मागच्या टेम्पोवाल्यानं त्याला तीनदा शिव्या घातल्या.

चाकण आलं. ईश्वरी आईच्या कुशीत गाढ झोपली होती.

मागं अंबुबाई शेजारच्या रिकाम्या सीटवर हलकेच थोपटत होत्या...

"निरंजन," त्या हळूच म्हणाल्या, "गाडी जरा बाजूला घे रे. हिला शू आलीय."