चोररकान्यात अडकलेला वकील

"तुमच्या दुकानानं मला माणूस मानायला नकार दिलाय," दारात उभा असलेला तो म्हणाला. "म्हटलं, समक्ष येऊन खुलासा करावा."

मी खुर्चीतून उठलेसुद्धा नाही. माझ्या या एका खोलीत गिऱ्हाईक कधी जिना चढून येत नसे. माझं दुकान इंटरनेटवर. मी टेबलावरचे दिवे विकते, पण माझ्याजवळ दिवा एकही नाही. ऑर्डर माझ्याकडे येते आणि माल पुरवठादाराच्या गोदामातून थेट गिऱ्हाइकाच्या घरी जातो. याला ड्रॉपशिपिंग म्हणतात. माझा दादा याला 'हवेतला धंदा' म्हणतो.

"इथं दिवे मिळत नाहीत," मी म्हणाले. "वेबसाइटवर पत्ता दिलाय तो फक्त तक्रारींसाठी."

"मग योग्य जागी आलोय."

त्याने हातातली पांढरी काठी दुमडली, खुर्चीची पाठ चाचपली आणि न विचारता बसला. तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं – तो माझ्याकडे नाही, माझ्या आवाजाकडे बघत होता.

"तुम्हाला दिसत नाही?" मी फटकन विचारलं. अशीच आहे मी.

"नाही. तुम्हाला?"

"मग दिवा कशाला हवाय?"

"मी वकील आहे. माझे अशील अंधारात सह्या करतात. परवा एकानं स्वतःच्या घटस्फोटाच्या अर्जावर साक्षीदार म्हणून सही केली."

मला हसू आलं, आणि हसू आल्याचा रागही आला. कारण ते हसण्याचे दिवस नव्हते. बॉट्सनी माझ्या नाकी नऊ आणले होते. बॉट म्हणजे माणसाचं सोंग घेऊन फिरणारे प्रोग्रॅम. कुणीतरी चोरलेल्या कार्डांचे नंबर चालतात की नाही हे बघायला त्यांनी माझं दुकान निवडलं होतं. दर मिनिटाला खोटी ऑर्डर, खोटं नाव, खोटं कार्ड. पेमेंट कंपनीने कळवलं होतं, शुक्रवारपर्यंत हे थांबवा, नाहीतर तुमचं खातं बंद. खातं बंद म्हणजे दुकान बंद. आणि दादाने तर त्याच्या विमा ऑफिसात माझ्यासाठी खुर्चीही पुसून ठेवली होती. तिथे बसून मी जन्मभर लोकांच्या गाड्यांवरचे ओरखडे मोजायचे! मेले तरी जाणार नव्हते.

म्हणून मी एक सापळा लावला होता. ऑर्डरच्या फॉर्ममध्ये एक चोररकाना. पडद्यावर तो दिसतच नाही, त्यामुळे माणूस तो भरत नाही. बॉट मात्र डोळ्यांनी बघत नाहीत, समोर येईल तो रकाना भरत सुटतात. तो भरला की गिऱ्हाईक बाहेर. मला माझ्या हुशारीचा केवढा अभिमान होता...

"माझा फोन मला सगळं पान वाचून दाखवतो," वकील म्हणाला. "नाव विचारलं, दिलं. पत्ता विचारला, दिला. मग टोपणनाव विचारलं. म्हटलं, दुकान फारच लाघवी दिसतंय. तेही दिलं. आणि लगेच – बाहेर!"

माझा चोररकाना जगात दोघांनाच सापडत होता, बॉटना आणि या माणसाला.

"एकदम शांत झालात," तो म्हणाला. "म्हणजे चेहरा पडला असणार."

"पडलाय. चूक माझी आहे." हे बोलताना मला फार कष्ट पडतात. मग उगाच पडद्यावर हाकललेल्यांची नोंद उघडली. "...ढब्बू?"

त्याचे कान लाल झाले. "ते आईनं ठेवलंय. आणि ते मी दुकानाला सांगितलं होतं, तुम्हाला नाही."

त्यानंतर तो रोज दुपारी कोर्टातून परतताना यायला लागला. मी फॉर्म बदलायचे आणि तो फोनवर ऐकून सांगायचा. त्याचा फोन इतका भरभर बोलायचा की मला एक अक्षर कळत नसे. तो हसून वेग कमी करायचा, माझ्यापुरता. चोररकान्याला मी आता वाचा दिली होती. डोळ्यांना तो अजूनही दिसत नव्हता, पण फोन वाचायचा, 'हा रकाना बॉटसाठी आहे, माणसांनी रिकामा सोडावा.' शिवाय लागोपाठ तीन कार्डं चुकली की दार काही काळ आपोआप लागायचं.

"आज स्पेसबारवर राग काढताय," तो एकदा म्हणाला.

"तुम्हाला काय कळतं?"

"बोलताना तुम्ही कुणावरही चिडता. टाइप करताना फक्त स्वतःवर."

माझी बोटं थबकली. त्याचा शर्ट साबणाच्या वासाचा, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या, आणि टेबलावरचा त्याचा हात माझ्या हातापासून अगदी वीतभर लांब... मी पुन्हा टाइप करायला लागले. सगळं चुकत होतं.

गुरुवारी पेमेंट कंपनीच्या अधिकाऱ्याचा फोन आला. सापळे-बिपळे नकोत, आमचं चित्रांचं कोडं लावा. चित्रांतल्या सायकली ओळखा, मगच पैसे भरा. ज्यांना दिसत नाही त्यांच्यासाठी कोड्याचा आवाजही होता. वकिलाने तो चारदा ऐकला. मिक्सर चालू असताना कुणी शेजारून आकडे सांगावेत, तसा. तो चारही वेळा नापास झाला.

"लावून टाक की," तेवढ्यात आलेला दादा म्हणाला. "एका वकिलासाठी दुकानावर पाणी सोडतेस?"

"लावा," वकीलही हळूच म्हणाला. "मी तुम्हाला फोन करून दिवे मागवीन. माझ्यावर दया म्हणून दुकान घालवू नका."

मला सगळ्यात जास्त राग त्याचा आला.

"दया कोण करतंय तुमच्यावर? दुकान माझं आहे! दारात कुणाला उभं करायचं आणि कुणाला हाकलायचं, ते मी ठरवणार. कंपनी नाही, दादा नाही, आणि तुम्ही तर मुळीच नाही."

शुक्रवारी फोन वाजला तेव्हा दादा दारात उभा होता आणि वकील त्याच्या खुर्चीत. मी फोन स्पीकरवर टाकला.

"कालपासून एकही खोटी ऑर्डर नाही, हे खरं," अधिकारी म्हणाला. "पण कोडं लागलेलं नाही."

"लागणारही नाही."

"मॅडम, खातं बंद होईल. अशी किती गिऱ्हाइकं आहेत तुमची?"

"मला माहीत असलेलं एक. हाकलल्यावर जिना चढून न आलेले किती, ते तुम्ही सांगा."

"एका माणसासाठी एवढं? कोण लागतो तो तुमचा?"

'कोणी नाही' म्हणायला हवं होतं. तोंडातून मात्र आलं, "अजून कोणी नाही. पण लागेल." मी थांबले नाही. "आणि कधीच कोणी लागला नसता, तरी मी ते कोडं लावलं नसतं. लिहून घ्या."

पलीकडे खोकल्याचा आवाज झाला. "थांबा, वरच्यांना विचारतो."

तो विचारायला गेला. माझी मान वकिलाकडे वळायला तयार नव्हती.

"मॅडम?" अधिकारी परत आला. "बॉट थांबलेत, तोवर कोडं नसलं तरी खातं चालू राहील. पण ते पुन्हा आले तर–"

"तर मी पुन्हा हाकलीन."

फोन बंद झाला. दादाने आधी माझ्याकडे पाहिलं, मग वकिलाकडे. "मी... चहा सांगून येतो," तो म्हणाला, आणि जिन्यावरून पळालाच म्हणायचा.

"अशा गोष्टी," वकील सावकाश म्हणाला, "समोरच्या पक्षाला आधी कळवायच्या असतात."

"कळवलं ना आता."

"हरकत घ्यायला मुदत किती?"

"मुळीच नाही."

त्याने टेबलावरून हात पुढे केला आणि उताणा ठेवला. मी माझा हात त्यात ठेवला. सरळ, न लाजता. त्याची बोटं घट्ट मिटली.

"नाही... म्हणजे हरकत काही..." एवढं बोलून तो अडखळला. कोर्टात तासन्‌तास बोलणाऱ्या त्या माणसाला पुढचं वाक्य सुचेना, आणि मीही त्याला ते सुचवलं नाही.